चारूताईंचे नकाशावरचे ठिपके

चारुलता पुराणिक इंदूरच्या एका कापड मिलच्या टाइम ऑफिसात हजेरी क्लार्क होत्या. मिल बंद पडली, भोंगा थांबला, काही वर्षं कोर्टाच्या तारखांत गेली, आणि मग त्यांनी पलासियाच्या एका कोचिंग क्लासमध्ये रिसेप्शनवर नोकरी धरली. लग्न केलं नव्हतं. आई गेल्यावर घरात त्या एकट्याच. शहराबाहेर जायचं म्हणजे उज्जैन नाहीतर ओंकारेश्वर, तेही नातेवाइकांच्या गाडीत मागच्या सीटवर.

२००३ च्या दिवाळीत त्यांचा भाचा हृषीकेश हैदराबादहून आला. तो सॉफ्टवेअरमध्ये होता. मोबाइलपेक्षा जरा जाड असं एक पिवळं यंत्र घेऊन तो त्यांना गच्चीवर घेऊन गेला.

"आत्या, हे असं आभाळाकडे धर. थोडा टाइम लागेल."

"अरे, वर तर कुछ दिखत नाही."

"सॅटेलाइट दिसत नसतात. पण तू कुठे उभी आहेस ते त्यांच्यामुळे कळतं."

पडद्यावर अक्षांश-रेखांशाचे आकडे उमटले. चारूताई गच्चीच्या दुसऱ्या टोकाला गेल्या, तर आकडे बदलले. त्या परत आल्या, तर ते जवळजवळ पहिल्यासारखे झाले. त्यांनी वर पाहिलं. दुपारचं कोरं आभाळ होतं, एक घार सोडून काही नाही. एवढ्या उंचीवरून येणाऱ्या खुणांनी, नंदानगरातल्या एका गच्चीवरच्या बाईची जागा सांगावी, याचा त्यांना इतका अचंबा वाटला की खाली स्वयंपाकघरात दूध उतू गेलं तरी त्या तिथेच उभ्या.

हृषीकेशनं यंत्र त्यांनाच दिलं आणि खेळही शिकवला. कोणीतरी रानात एक डबा लपवायचा, त्या जागेचे आकडे वेबसाइटवर टाकायचे, बाकीच्यांनी यंत्र घेऊन तो शोधायचा. इंदुरातली साइट मानस नावाचा तरुण चालवायचा. पलासियालाच त्याचं सायबर कॅफे होतं.

कोचिंगला गुरुवारी सुट्टी असे. चारूताई सकाळच्या पहिल्या बसनं निघू लागल्या. सिमरोलच्या पुढे घाटाच्या माथ्यावर त्यांना एक डबा सापडला. आत चिठ्ठी होती: 'बाटलीतलं थोडं पाणी उजवीकडे सांडा, थोडं डावीकडे.' त्यांनी सांडलं. खाली पुढे लिहिलं होतं, की उत्तरेचं पाणी क्षिप्रेतून, चंबळेतून गंगेला मिळतं आणि बंगालच्या सागरात जातं. दक्षिणेचं चोरलमधून नर्मदेला मिळून पश्चिमेच्या समुद्रात. चारूताई त्या दगडावर बसल्याच. आयुष्यात एकही समुद्र पाहिला नव्हता त्यांनी, आणि आता दोन्हींच्या मधल्या धारेवर पाय सोडून बसल्या होत्या. ओल्या मातीकडे बघताना त्यांचे डोळे भरून आले.

साइटवर प्रत्येकाचं पान होतं. नाव, किती डबे सापडले, कोणत्या तारखेला, किती वाजता, आणि नकाशावर ठिपके. सगळं सगळ्यांना दिसायचं. वर क्रमवारी. चारूताईंचं नाव हळूहळू वर चढत दुसऱ्या जागेवर आलं. आवडलं त्यांना ते, नाही कशाला म्हणा. पण एकदा परतीच्या बसमध्ये त्यांच्या लक्षात आलं की आज जिथे गेलो तिथे झाड कसलं होतं तेही आपण पाहिलं नाही. डबा सापडला, वेळ टिपली आणि निघालो.

त्यानंतरच्या गुरुवारी पाताळपाणीच्या धबधब्याच्या बाजूला त्या झुडपांतून वर आल्या, तर खडकाला टेकून एक माणूस उभा. शेजारी मोटरसायकल.

"पुराणिकताई ना? मी सुजय. पहिला नंबर माझा." तो हसला. "मला वाटलंच होतं आज तुम्ही इथे येणार. गुरुवारी तुम्हाला सुट्टी असते, पहिली बस पकडता, आणि एका बाजूचे डबे संपवूनच दुसरी बाजू धरता. म्हटलं, आपण आधी पोहोचू."

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सगळं साइटवरच आहे, ताई. मी काही चोरून पाहिलं नाही."

माणूस सभ्य होता. बसस्टँडपर्यंत सोडतो म्हणाला. चारूताई नको म्हणाल्या आणि चालत निघाल्या. वाटेत त्या सारख्या मागे वळून बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या कॅफेत गेल्या.

"मानस, माझं नाव राहू दे, पण तारखा, वेळा आणि ठिपके लपव."

"तशी सोयच नाही, काकू. आणि आकडे लपवले तर लोक खेळतील कशाला? कॉम्पिटिशनमुळेच तर येतात." मग तो म्हणाला, "तुम्ही तर मिलमध्ये हजेरीच घ्यायचात ना?"

"तिथे पगार होता, म्हणून लोक हजेरी देत. इथे मी माझ्या मर्जीनं जाते. एकटी बाई कोणत्या रानात किती वाजता असते, ते साऱ्या शहरानं का वाचावं?"

चारूताईंनी पान काढूनच टाकायला सांगितलं.

"तुमचे सगळे डबे जातील, काकू."

"डबे जागेवरच राहतील रे. फक्त माझं नाव जाईल."

त्यानं पान काढलं. सुजयनं साइटवर लिहिलं, की दुसरा नंबरच नाही तर पहिल्यात मजा काय. त्याखाली देवयानी नावाच्या एका कॉलेजच्या मुलीनं लिहिलं, की याच भीतीनं ती आजवर सापडलेले डबे नोंदवतच नव्हती. मग आणखी दोघीतिघींनी तसंच लिहिलं. उन्हाळ्याच्या आत मानसनं 'माझं पान कोणाला दाखवू नका' अशी सोय करून दिली आणि चारूताईंना फोन केला. बरं वाटलं म्हणाल्या, पण परत नाव घातलं नाही.

त्या वर्षी श्रावणात त्या जानापावच्या डोंगरावर गेल्या. वार गुरुवार नव्हता. रजा टाकली होती. वर पोहोचल्या तेव्हा डोंगराखाली काहीच उरलं नव्हतं. गावं, रस्ता, शेतं, सगळ्यावर पांढरा ढग पसरलेला, आणि त्याच्या काठावर त्या उभ्या. यंत्र पिशवीतच होतं. ढग मध्येच एका जागी फाटला. आत खोल, उन्हात, हिरव्यागार सोयाबीनचा एक तुकडा आणि त्यात चालणारा एक माणूस दिसला, मुंगीएवढा. चारूताईंचे हात आपोआप जोडले गेले. ढग पुन्हा मिटला, तरी त्या तिथेच उभ्या होत्या.