फळ्यावरच्या दोन भाकरी

तेलंगणातल्या बेल्याजवळच्या गावात मराठी माध्यमाच्या शाळेत माझी बदली झाली, तेव्हापासूनच मी चिडलेली होते. सकाळी आदिलाबादहून बस, उतरल्यावर धुळीतून पायपीट. वर्गात चौथी-पाचवीची मुलं एकत्र आणि दारात कायम मुख्याध्यापक. मी काय शिकवते ते बघत ते तिथे उभे राहायचे, बोलायचे मात्र काहीच नाहीत.

त्या दिवशी अपूर्णांकांची तुलना होती. एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश? सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "चतुर्थांश!" चार तीनापेक्षा मोठे, म्हणून. दोनदा समजावलं, तरी उत्तर तेच. शेवटी मी खडू उचलला आणि फळ्यावर घाईघाईत दोन भाकरी काढल्या. एकीचे तीन भाग केले, दुसरीचे चार.

"आता सांगा, कोणता तुकडा मोठा?"

पाचवीतली एक मुलगी उठली. बारीक अंगाची, तेल लावून घट्ट वेणी घातलेली. "टीचर, चौथा भागच मोठा हाये. तुमी ते भाकरच मोठी काढली ना."

वर्ग हसला. मुख्याध्यापकही हसले. मी फळ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"जास्त शहाणी झालीस? बाहेर हो!"

ती व्हरांड्याबाहेर उभी राहिली, जेवणाच्या सुट्टीपर्यंत, उन्हात. मी दोन्ही भाकऱ्या पुसून टाकल्या.

दुसऱ्या दिवशी तिची आई आली, शेतातून थेट. कापूस वेचायचं फडकं कमरेला तसंच बांधलेलं. तिने मुलीची वही माझ्या टेबलावर आपटली.

"माह्या पोरीले काऊन उभं केलं उन्हात?"

"वर्गात उलट बोलली ती."

"उलट बोलली का खरं बोलली? हे पाहा."

पोरीने फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवलं होतं. तीन भागांची भाकरी लहान, चार भागांची चांगली दीडपट. मोठीचा चौथा भाग लहानीच्या तिसऱ्या भागापेक्षा मोठा आहे, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. दोन अपूर्णांकांची तुलना करायची, तर दोन्ही वस्तू सारख्याच मापाच्या हव्यात. धड्यातली ही मूळ गोष्ट सांगायची मीच विसरले होते आणि त्या पोरीने ती पकडली होती.

मुख्याध्यापक मध्ये पडले. "बाई, टीचर चुकत नसतात. तुमी घरी जा."

"तुमाले नाही विचारलं, सर." तिने माझ्यावरची नजर काढली नाही. "माही पोरगी खोटं बोलली का? तेवढं सांगा."

"नाही," मी म्हणाले. "ती बरोबर होती."

"मंग हे तिले सांगा. पोराईसमोर सांगा. मले सांगून काय फायदा?"

त्या बाईचा मला प्रचंड राग आला. स्वतःचा आला त्यापेक्षाही तिचा जास्त, हे खरं सांगते. घरी येऊन मी नवऱ्यासमोर तिच्या नावाने बडबडले.

तरी पुढच्या दिवशी वर्गात उभी राहून सांगितलं, "परवा माझी चूक झाली. ही बरोबर होती." ती मान खाली घालून पेन्सिलला टोक करत राहिली. मग मी एकसारख्या कागदाच्या पट्ट्या वाटल्या, घड्या घालायला लावल्या. तीन भागांतला एक तुकडा चार भागांतल्या एका तुकड्यावर ठेवला की कोणता बाहेर येतो ते पोरांना लगेच दिसलं. तिने माझ्या हातून पट्टी घेतली नाही. शेजारणीकडून अर्धा कागद फाडून घेतला आणि सगळ्यांच्या आधी उत्तर लिहिलं.

वर्षभर तिची गणितं अचूक यायची. माझ्याशी मात्र ती एक शब्द बोलली नाही. विचारलं की उभी राहायची, खिडकीकडे बघायची. मीही नंतर विचारणं सोडलं. तिला गोंजारायचा प्रयत्न केला नाही, ते मला जमतही नाही.

पाचवी संपल्यावर आई दाखला न्यायला आली. मुलीला बेल्याच्या तेलुगू माध्यमाच्या शाळेत घालणार होती. मुख्याध्यापक मला सर्वांसमोर म्हणाले, "चांगली पोरगी घालवली तुमी, मॅडम." कारणाच्या रकान्यात काय लिहू, असं मी आईला विचारलं.

"पालकाची मर्जी, लिहा," तिची आई म्हणाली.

मी तेच लिहिलं. तिने कागद उजेडात धरून वाचला, पोरीचं नाव नीट लिहिलंय का ते तपासलं, आणि ती गेली.