देल्फासाठी ठेवलेली प्रत

आमच्या मालिश केंद्रात डोळस मी एकटीच. गल्ल्यावर बसते, फोन घेते, गिऱ्हाइकांना आत सोडते. बाकी सगळे हातांवर जगणारे. त्यांतली देल्फा सुमागायसाय मात्र दोन कामं करते. डाव्या डोळ्याच्या कडेने तिला थोडंसं दिसतं, आणि तेवढ्या भांडवलावर ती वेबसाइट तपासून देते. फोन नाकाला टेकवायचा, अक्षरं पाचपट मोठी करायची आणि बनवणाऱ्याला झापायचं, "हे बटण काय माझ्यापासून लपवून ठेवलंयस?"

साइट बनवणारा जोवेन तिच्याच हाताखाली तयार झाला. पांढऱ्यावर राखाडी अक्षर का नको, चुकलेला रकाना नुसता लाल करून का भागत नाही, सगळं तिने शिकवलं. त्याच्या लेकीच्या बाप्तिस्म्याला देल्फा धर्ममाता झाली, तेव्हापासून ती त्याची कुमारे आणि तो तिचा कुम्पारे. आमच्या इलोइलो शहरात हे नातं सख्ख्या भावंडांपेक्षा जड. कुम्पारेने पुढे केलेलं काम सोडून मागे काय आहे ते बघायला जाणं म्हणजे त्याला तोंडावर खोटारडा म्हणणं. मला विचाराल तर तिथेच घात झाला.

एका इस्पितळाने डोळ्यांच्या मोफत शस्त्रक्रियांची नोंदणी फक्त ऑनलाइन ठेवली. साइट जोवेनची. तो दर मंगळवारी फोनवर पान पाठवायचा, देल्फा ते तपासायची. जाडजूड काळी अक्षरं, मोठी पिवळी बटणं. ती इतकी खूश, की तिने सगळ्यांना सांगून टाकलं, "कुणाची मनधरणी करू नका. आपापल्या हाताने नाव घाला."

मानोंग इस्योने घातलं. तो आमच्यात थोरला, म्हणून मानोंग; बायकांत थोरली मी, म्हणून मला मानांग म्हणतात. त्याच्या एकाच डोळ्यात थोडी नजर उरली होती. त्यातही दाब वाढत चाललेला. याच महिन्यात शस्त्रक्रिया झाली नाही तर तोही जाईल, असं डॉक्टरने बजावलं होतं. ठरल्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून इस्पितळात गेला आणि तासाभरात परत आला. यादीत नावच नव्हतं. जागा भरल्या होत्या, पुढचं शिबिर वर्षाने.

"शेवटचं बटण दाबलंस ना, मानोंग?" देल्फाने विचारलं.

"कुठलं बटण? पान तर संपलं होतं."

देल्फाने त्याचा फोन नाकाशी धरला. कितीतरी वेळ वरखाली करत राहिली. मग माझ्यापुढे केला. "मानांग, इथे काही आहे का गं?"

होतं. पांढऱ्यावर फिक्कट राखाडी: नोंदणी निश्चित करा. मलाही फोन तिरका करावा लागला.

बोलावल्यावर जोवेन आला. हातात पान्सित नूडल्सचा पुडा, चेहऱ्यावर हसू. काय झालं ते कळल्यावर पुडा माझ्या गल्ल्यावर ठेवला.

"अगं कुमारे, इस्पितळाच्या मोठ्या साहेबांना ती पिवळी बटणं भडक वाटली. म्हणाले, ही काय जत्रा आहे? मग सगळं सौम्य करावं लागलं."

"मग तीन महिने मी काय तपासत होते?"

"तुझ्यासाठी वेगळी प्रत ठेवली होती ना! तिला मी हातही लावला नाही, देवाशप्पथ. तुला वाईट वाटलं असतं."

तो पुडा त्याच्या तोंडावर मारावासा वाटला मला. तीन महिने ही बाई डोळा दुखेस्तोवर जे पान तपासत होती, ते जगात दुसऱ्या कुणाला उघडतच नव्हतं.

"वा रे पठ्ठ्या," मानोंग म्हणाला, "आंधळ्यांची साइट, ती पण एकाच आंधळीला दाखवायला!"

"मानोंगचं नाव घाल," देल्फा म्हणाली.

"यादी बंद झाली, कुमारे."

"मला कुमारे म्हणू नकोस." तिने फोन पुन्हा माझ्या हातात दिला. "मानांग, अगदी तळाशी जा. माझ्या प्रतीत तिथे एक ओळ होती. इथे काय लिहिलंय?"

सगळ्यात बारीक, सगळ्यात फिकट ओळ होती ती. मी वाचली. "अंधुक दिसणाऱ्यांसाठी सुलभ. तपासणी: देल्फा सुमागायसाय."

"पुन्हा वाच."

पुन्हा वाचली. देल्फा चाचपडत मानोंगपाशी गेली आणि त्याचा हात धरला.

"माझं नाव बघून फसलास रे, मानोंग."

"नाव कुठे दिसलं मला, पोरी?" तो म्हणाला. "तू सांगितलंस, म्हणून गेलो."