नाल्यावरच्या पुलाचा अर्ज

एका सकाळी मी ज्वारी निवडत होते आणि आमचे हे आमदारांसाठी पुलाचा अर्ज लिहीत होते. कुठलाही अर्ज लिहून झाला की ते मलाच वाचायला लावायचे. "तुले समजलं म्हंजे आमदारालेही समजन," म्हणून हसायचे. अक्षरं जोडत मी तशीच वाचायला, मग लिहायलाही शिकले.

हे वारले त्याला दोन महिने झाले. काल आमदार घरी भेटायला आले. "वहिनी, भाऊंचा प्रश्न अधिवेशनात मांडला," म्हणत त्यांनी छापील कागद दिला.

"आंजीच्या बाजाराला जाणाऱ्या बाया चपला हातात घेऊन नाला ओलांडतात." वाक्य आमच्या यांच्याच अर्जातलं होतं. खाली सरकारचं उत्तर होतं, बाब विचाराधीन आहे.

"म्हंजे पूल नाई झाला ना, साहेब?" मी विचारलं.

मैत्रिणींनो, तुमच्या गावचे अर्ज कोण लिहितं?

आज सकाळी मी ज्वारी निवडली, पुलाचा पुढचा अर्ज लिहिला. ऐकायला कोणी नव्हतं, तरी मोठ्यानं वाचला.