बाई समोर नसताना

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, नंतर चहा नाकात जाईल. ही फजिती गावानं तुमच्या कानावर घातलीच असेल म्हणा, पण गाव निम्मंच सांगतं आणि निम्मं माझ्या धाकानं गिळतं. मला कुणाचा धाक? मी सगळं सांगते.

तर, बेंबळीजवळ आमचं गाव. तिथल्या मंडळाच्या खोलीत मी पोरांना सुतारकाम शिकवते. करवत, रंधा, पटाशी, हातोडा, बस्स. मशीन नाही, त्यामुळं लाईट गेली म्हणून वर्ग बुडत नाही. मला कुणी शिकवलं? कुणीच नाही! घरच्या बाजेचा पाय मोडला होता. गावचा सुतार ‘उद्या येतो, अक्का’ म्हणत राहिला, शेवटी मीच बसवला. तेव्हापासून आमची दोघांची रस्त्यात गाठ पडली की तो दुसऱ्या गल्लीनं जातो.

मंडळाचे अध्यक्ष म्हणजे आप्पा. त्यांना ही खोली व्यायामाच्या पोरांना द्यायची होती.

“अक्का, एखाद्या लेकराचं बोट कापलं म्हंजे? त्याच्या आईसमोर म्या उभं ऱ्हायचं का तुमी?”

“माझ्या वर्गात बोट कापत नाही!”

“बघू की. सोमवारी येतो. पोरं शिस्तीत दिसली तर खोली तुमची. न्हायतर आमचे डंबेल्स आत, तुमी बाहेर.”

शिस्त? मला शिस्त शिकवतात? मी पहिल्या दिवसापासून नियम घातला होता: बाई समोर दिसल्याशिवाय हत्याराला हात लावायचा नाही. (हो, बाई. घरी आजी, गावात अक्का, वर्गात बाई!) मग वर्गातल्या संतूनं एकदा काय केलं, भिंतीआडून हुबेहूब माझा आवाज काढला, “घ्या रे करवती!” आणि सगळ्यांनी घेतल्या की हो! मी त्याचा कान लाल केला आणि नियमाला शेपूट जोडलं: नुसता माझा आवाज आला तरी नाही. मी डोळ्यांनी दिसले पाहिजे.

काय बाई हुशार मी!

आप्पांना दाखवायला म्हणून आम्ही खोलीलाच नवं दार केलं. बाहेर उघडणारं, चांगलं जाड फळ्यांचं. सुतारानं लांबूनच सांगितलं, “अक्का, कडंनं थोडी सांध सोडा, श्रावणात लाकूड फुगतंय.” मी म्हटलं, “तुम्ही तुमचं ‘उद्या येतो’ सांभाळा.” माझ्या दारातून मुंगी शिरता कामा नये!

सोमवार उजाडला. त्याआधी दोन दिवस झड लागलेली. आप्पा यायच्या आधी दार कसं बसतं ते बघू म्हणून मी एकटी आत गेले, कुठून उजेड दिसतो का बघायला. पोरं ओसरीवर, हत्यारं ओसरीवर.

“ढकला रे! जोर लावून!”

सगळ्यांनी खांदे लावले. धप्प! दार चौकटीत असं बसलं, जसं बाटलीला बूच. उजेडाची एक रेघ दिसेना. मी खूश!

मग उघडायला गेले. हलेना. खांदा लावला. पाठ लावली. नको तेही लावलं. दार ढिम्म! बाहेरून ओढावं तर मूठ बसवायची राहिलेली.

“गौरे! पटाशी घे आन् फटीत घाल!”

गौरी म्हणजे माझी सगळ्यात गुणी पोरगी, चौथीतली.

“कोण बोलायलंय?”

“अगं मी! बाई!”

“संत्या, गप बस की रं!”

“आईची आन, म्या न्हाय! माझं तोंड बघ, मिटलंय!”

“मंग पोटातून बोलायलास.”

मी आतून किंचाळले, विनवण्या केल्या, सगळ्यांना नावं ठेवली. गौरी शांतपणे म्हणाली, “बाईंचा आवाज लईच भारी काढायलास रं.”

तेवढ्यात आप्पांच्या चपला वाजल्या. मी कपाळाला हात लावून खालीच बसले. संपलं! आले डंबेल्स!

“काय चाललंय? अक्का कुठं हायत?”

“आत. दार अडकलंय.”

“मंग उघडा की! हत्यारं समोर पडल्यात.”

“बाई समोर न्हाईत.”

“दे इकडं, म्या उघडतो.”

“आप्पा, पटाशी खाली ठेवा.”

“अगं, म्या अध्यक्ष हाय!”

“असाल की. हात काढा.”

आता तुम्हीच सांगा, मी रडू की टाळ्या वाजवू?

दाराशेजारी उंचावर एक झरोका आहे, जाळीचा. आत एक स्टूल होतं, पोरांना नमुना म्हणून मी स्वतः केलेलं. चढले. जाळीला तोंड लावलं.

“दिसले का?”

“दिसलाव!” सगळ्यांनी एका सुरात. लगेच हत्यारं उचलली.

“गिरमिटानं भोक पाड, हूक पिळ, त्याला दोर बांधा आन् ओढा!”

गौरीनं गिरमिट लावलं. कुरकुर, कुरकुर... आणि माझ्या नमुन्याचा पाय निखळला! मी खाली.

कुरकुर बंद.

“काय झालं?” आप्पांचा आवाज.

“बाई गेल्या. हत्यारं खाली.”

“मी जिवंत आहे गं!”

“संत्या!!”

मोडकं स्टूल भिंतीला टेकवून परत चढले. कुरकुर सुरू. स्टूल सरकलं. कुरकुर बंद. शेवटी झरोक्याच्या चौकटीला दोन्ही हातांनी लोंबकळले, हनुवटी वर टेकवली. या वयात! हूक बसला, दोर बांधला, आप्पा पुढं, पोरं मागं. धडाड! दार उघडलं, आप्पा पोरांच्या अंगावर आडवे.

सगळे उठून आत आले. मी वटवाघळासारखी लटकलेली.

“उतरते गं आता...”

“थांबा बाई, उतरू नका!” गौरी ओरडली. “गिरमिट अजून माझ्या हातात हाय!”

तिनं ते नीट ओसरीवर नेऊन ठेवलं. मग मला उतरवलं.

आप्पा धोतर झटकत म्हणाले, “अक्का, खोली तुमची. पोरांचा घोर मिटला.” मग खडू घेतला आणि फळ्यावर माझ्या नियमाखाली स्वतःचा एक लिहिला: पोरं समोर असल्याशिवाय बाईंनी हत्याराला हात लावायचा नाही.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात मोठ्यानं गौरीनं.

दाराच्या कडेला अजून रंधा मारायचाय, नाहीतर परत अडकेल. पाच मिनिटांचं काम. म्हणून तर सकाळपासून या पायरीवर बसलेय. रंधा? तो तिकडं, लांब ठेवलाय. बसा तुम्ही, चहा घ्या. शाळा पाचला सुटते.