गाठीवर दाभण

माझ्या थोरल्या भावाला आमच्या गल्लीत सगळे 'सपाट' म्हणतात. तोंडावरही म्हणतात आणि त्याला त्याचं काही वाटत नाही. सोफे आणि खुर्च्यांच्या बैठका भरण्याचं आमचं दुकान आहे. मी मशीनवर खोळी शिवते, दादा आत काथ्या भरतो. बैठकीत उंचवटा राहिलेला त्याला खपत नाही. एकदा मयताच्या घरी भेटायला गेलो, तिथेही हा आधी खुर्ची चाचपून मग बसला. मी त्याला असा चिमटा काढला की तो चहा न घेताच उठला.

खोळ चढवल्यावर आत काथ्याचा गोळा झाला, तर तो सगळं उसवत बसत नाही. डावा तळवा बैठकीवर फिरवतो. बोटं थांबली की उजव्या हाताने तिथे दाभण घुसवतो, आतल्या आत गोळा मोकळा करतो आणि वरचं भोक नखाने घासून बुजवतो. हे काम बघायला गिऱ्हाईकं उभी राहतात. दुकान चालतं ते त्याच्या डाव्या हाताच्या बोटांवर. माझ्या शिवणीवर नाही, हे मला मान्य आहे.

त्याच डाव्या हाताला, मनगटाच्या थोडं वर, आतल्या बाजूला गाठ आली. आधी वाटाण्याएवढी होती, वर्षा-दोन वर्षांत अर्ध्या लिंबाएवढी झाली. मऊ होती, दुखत नव्हती, बोटाने ढकलली की कातडीखाली सरकायची. दवाखान्यात चल म्हणून मी त्याच्या मागे लागले. तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा, लांब बाह्यांचे शर्ट घालायचा आणि उकाड्यातही बाही वर करायचा नाही.

त्याचं कारण मला माहीत होतं. आमच्या आईच्या पोटात गाठ निघाली होती. ऑपरेशन झालं आणि ती घरी आलीच नाही. डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं होतं की फार उशिरा आणलंत. मी 'उशिरा' ऐकलं, दादाने 'ऑपरेशन' ऐकलं. चाकू लागला म्हणून आई गेली, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. रात्रंदिवस तो त्या भीतीत होता आणि मी त्याच्यावर नुसती चिडत होते.

एका दुपारी मी बटणं आणायला बाहेर गेले होते. परत आले तर तो कामाच्या टेबलाशी बसला होता आणि फिकट कापडावर रक्ताचे डाग होते. सुई लागली, म्हणाला. आमच्या धंद्यात सुई रोजच लागते, म्हणून मी डाग धुवायला घेतले. दोन दिवसांत हात कोपरापर्यंत सुजला, लालभडक झाला, अंगात ताप भरला. मग मात्र मी त्याला धरूनच नेलं.

डॉक्टर बाई वयाने माझ्यापेक्षा लहान होत्या. हे कशाने झालं, असं त्यांनी तीनदा विचारलं. शेवटी दादा खाली बघून म्हणाला, "आत गोळा झाला होता. दाभणाने मोकळा करत होतो."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मला तर कुठे बघावं कळेना. हसू येण्यासारखी गोष्ट होती, पण हसू आलं नाही.

सूज असेपर्यंत गाठ कसली ते नीट सांगता येणार नाही, असं त्या म्हणाल्या. आधी औषधांनी हे उतरू दे, मग सोनोग्राफी करू. ते दिवस आम्ही कसे काढले ते आमचं आम्हाला ठाऊक. दुकानाला कुलूप होतं. दादा भिंतीकडे तोंड करून पडायचा. जेवलास का विचारलं तर म्हणायचा, मशीनचं तेल संपलंय, आणून ठेव, मी नसलो तरी लागेल. मी रागाने ताट आपटायचे आणि मोरीत जाऊन रडायचे.

सूज उतरली, सोनोग्राफी झाली. साधी चरबीची गाठ होती. बाईंनी ती दोन बोटांत धरून आम्हाला दाखवली. मऊ आहे, सरकते आहे, आत कुठे चिकटलेली नाही.

"हिला काहीच करायचं नाही," त्या म्हणाल्या. "कापायची नाही, दाबायची नाही, लेपही लावायचा नाही. झपाट्याने वाढली, टणक झाली किंवा दुखायला लागली, तर या. नाहीतर सहा महिन्यांनी एकदा दाखवा."

मला इतकं हलकं वाटलं की मी तिथेच खुर्चीत बसले. दादा उभाच होता. त्याने हात पुढे केला.

"ह्या दोन बोटांना काही कळत नाही," तो म्हणाला. "अंगठ्याजवळची. त्या दिवसापासून."

बाईंनी बोटांच्या टोकांना कापूस लावून पाहिला, टोचूनही पाहिलं. मग हळू आवाजात सांगितलं की दाभण आतल्या मज्जातंतूला लागलं आहे. थोडंफार परत येईल, वेळ लागेल, सगळं येईल असं आज सांगता येत नाही. गाठीने काय केलं असतं, असं दादाने विचारलं. काहीच नाही, असं त्या म्हणाल्या.

वर्ष होत आलं. गाठ तिथेच आहे, तेवढीच आहे. एका बोटाला थोडं कळायला लागलंय, दुसऱ्याला नाही. आता बैठक भरून झाली की दादा मला हाक मारतो. मी तळवा फिरवते, थांबते, इथे म्हणते. तो तिथे दाभण घालतो. माझ्या हाताला त्याच्यासारखं कळत नाही, कितीदा तर मी चुकीची जागा सांगते आणि ते मलाही समजतं. जन्मात कधी माझं न ऐकलेला माणूस, आता मी म्हणेन तिथे मुकाट्याने सुई घालतो. एकदा तरी त्याने 'तुला काय कळतंय' म्हणावं, म्हणून मी वाट बघते.