खोडरबरवाले सर

कॉलेजातल्या मास्तरांच्या खिशाला पेन असतो. आमच्या सरांच्या खिशात खोडरबर असायचं, तेही पोरांच्या कंपासपेटीतलं, कोपरे झिजून काळं पडलेलं. प्रवेशाच्या दिवसांत तुमसरच्या आमच्या कॉलेजच्या व्हरांड्यात चार टेबलं लागत. तीन टेबलांवर नुसतं घ्या, घ्या चाललेलं असे. हा विषय घ्या, तो कोर्स घ्या, सोबत हे प्रमाणपत्र घ्या. चौथ्या टेबलावर हे सर बसायचे आणि येणाऱ्या प्रत्येकाचं काही ना काही कमी करायचे. विषयांचा फॉर्म आधी पेन्सिलीनं भरायचा, असा त्यांचा नियम होता. मग ते फॉर्म जवळ धरून बघणार, चष्मा वर ढकलणार आणि विचारणार, "एवढं झेपते का?" पोरं त्यांना खोडरबरवाले सर म्हणत. मी पहिल्याच दिवशी मनात ठेवलेलं नाव याहून वाईट होतं, ते इथं लिहीत नाही.

मी तेव्हा बत्तीस वर्षांची. राइस मिलांना बारदाना, म्हणजे रिकामी पोती, पुरवणं हा माझा धंदा. वडील मिलमध्ये हमाल होते. त्यांच्या मागंमागं फिरून फाटकी पोती गोळा करायची, सुतळीनं शिवायची आणि विकायची, तिथून मी सुरुवात केली. आज मिलवाले पाठीमागं मला पोतेवाली म्हणतात, पण भाव करायला बसले की खुर्ची पुढं करतात. कॉलेज मी अठराव्या वर्षी एकदा धरलं होतं आणि दोन महिन्यांत सोडलं होतं. बाकी सगळं कमावलं, तेवढं एक अर्धवट राहिलं. म्हणून चौदा वर्षांचं गॅप सर्टिफिकेट घेऊन मी बी.कॉम.च्या पहिल्या सत्रासाठी रांगेत उभी राहिले. या वेळीही सोडलं तर तिसऱ्यांदा या फाटकातून आत येणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

माझा विचार सरळ होता. फी तेवढीच, मग माल कमी कशाला उचलायचा? सक्तीचे विषय होतेच. ऐच्छिकमध्ये सगळ्यांनी योगासनं लिहिली होती, मी संख्याशास्त्र लिहिलं. शिवाय त्या वर्षी दोन प्रमाणपत्र कोर्स फुकट होते, एक संगणकावरच्या लेखांकनाचा आणि एक इंग्रजी बोलण्याचा. ते दोन्ही लिहिले. सरांनी फॉर्म बघितला.

"ताई, दिवाळीच्या मागंपुढं तुमच्याकडे काय राहते?"

"दिवाळी राहते," मी म्हटलं.

"तसं नाही. धंद्याचं इचारून राहिलो मी."

"धान निघते, मिला जोरात चालतात. वर्षाची कमाई तेव्हाच. काहून?"

"परीक्षा बी तेव्हाच राहते," ते म्हणाले आणि त्यांनी संख्याशास्त्र खोडलं.

मी परत लिहिलं. त्यांनी इंग्रजी खोडलं. मी तेही परत लिहिलं. असं तीनदा झालं, कागद त्या जागी पातळ होऊन फाटायला आला. मागं रांगेत पोरी फिदीफिदी हसत होत्या. शेवटी मी त्यांच्या हातातलं खोडरबर काढून माझ्या पिशवीत टाकलं. "आता बोला," म्हटलं. त्यांनी माझं गॅप सर्टिफिकेट उचललं, बराच वेळ वाचलं, आणि ड्रॉवरमधून पेन काढून माझ्यापुढं ठेवला. "घ्या, करा पक्कं."

मी जिंकून घरी आले. समोरचा माणूस इतक्या लवकर भाव सोडतो तेव्हा मालात काहीतरी खोट असते, हे पोत्यांच्या बाबतीत मी झोपेतही सांगितलं असतं. तिथं मात्र माझ्या डोक्यात आलं नाही.

मार्कांचं त्या माणसाला काही पडलेलंच नव्हतं. बारावीला किती, हा प्रश्न त्यांनी कुणाला विचारलेला मी ऐकला नाही. त्यांचे प्रश्न सोयरीक जुळवणाऱ्या मावशीचे. गाव कोणतं, घरी चूल कोण पेटवते, रोवण्याला, म्हणजे भातलावणीला, कोण जाते, सायकल कोणाच्या वाट्याला येते. माझ्या मागच्या पोरीला त्यांनी विचारलं, "तुमच्या गावची पहिली एसटी इथं किती वाजता लागते?" ती म्हणाली, साडेनऊला. "मग आठचा तास कोणासाठी घेतला बाप्पा? कंडक्टरसाठी?" सगळे हसले, पोरीनं तो विषय बदलला. मला मात्र संताप आला. म्हटलं, हा माणूस पोरींना वर चढवायच्या ऐवजी पायरीच काढून घेतो. कोंढ्याकडचा शेतकऱ्याचा मुलगा, पावसाकडं बघून पाऊल टाकायची सवय, याला मोठं स्वप्न काय समजणार!

आणि दुसऱ्याला झेपते का विचारणारा हा माणूस स्वतः काय करत होता? तासिका तत्त्वावर नोकरी. म्हणजे जेवढे तास शिकवले तेवढाच मोबदला, आणि पुढच्या वर्षीचा भरवसा नाही. सकाळी तुमसरला, दुपारी भंडाऱ्याच्या एका कॉलेजात, संध्याकाळी तिथंच शिकवणी. डबा एसटीत उघडायचे. शर्टावर कायम वरणाचा एखादा डाग असे. मी एकदा तोंडावरच म्हटलं, "सर, तुमचा फॉर्म कोणी नाही खोडत?"

"माह्या वेळी टेबलावर कोणी बसलंच नव्हतं ना ताई," म्हणाले आणि धावत बस धरायला गेले.

ऑगस्ट बरा गेला. सप्टेंबरही ओढला. ऑक्टोबरात मिला सुरू झाल्या आणि माझा फोन थांबेना. वर्गात बसले की बाहेरून गाडी भरल्याचा निरोप, बाहेर गेले की आत चाचणी. इंग्रजीच्या बाई म्हणायच्या, तुमची ओळख पाच वाक्यांत सांगा; आणि माझी मिलवाल्याशी हिंदीत जुंपलेली असायची. संख्याशास्त्राचं पुस्तक मी पोत्यांच्या थप्पीवर ठेवून वाचायला घेतलं, तर त्यावर उंदरांनीच जास्त अभ्यास केला. सरांना हे सगळं दिसत होतं. एका सकाळी त्यांनी मला व्हरांड्यात गाठलं.

"ताई, जास्तीचे दोन कोर्स सोडाची तारीख शनिवारपर्यंत आहे. एक अर्ज द्या, बस. निदान हिशेबाचा पेपर तरी हाती लागंन."

"मी बोललेला सौदा मोडत नाही."

बाहेरच्या माणसाला हे कळणार नाही, पण आमच्या बाजारात लिहिलेल्या कागदाला कोणी विचारत नाही. तोंडातून भाव गेला की गेला. नंतर पोती महागली, स्वस्त झाली, आपण बुडालो, तरी माल त्याच भावानं पोचवायचा. ज्यानं एकदा शब्द फिरवला त्याला दुसऱ्या दिवशी मिलचा चौकीदारसुद्धा आत घेत नाही. या एका गोष्टीवर मी उभी राहिले. ती मी कॉलेजच्या फॉर्मसाठी कशी मोडणार?

सर शांतपणे म्हणाले, "सौद्याले दोन पार्ट्या लागतात. इथं तुमच्यासमोर कोण आहे, ते तरी सांगा मले."

कोंडीत सापडले की मी ओरडते. चाळीस पोरांसमोर ओरडले. "तासावर राबणाऱ्या माणसानं मले शहाणपण नाही शिकवाचं! स्वतःची नोकरी पक्की करता नाही आली, चालले दुसऱ्याचं कमी कराले!"

त्यांनी चष्मा काढून पुसला आणि वर्गात गेले. शनिवार निघून गेला.

निकाल जानेवारीत लागला. संख्याशास्त्रात नापास. दोन्ही प्रमाणपत्रं अपूर्ण. आणि लेखांकनातही नापास, जे मी शाळेत जाणाऱ्या पोरांनाही तोंडी शिकवलं असतं. पण त्याच्या पेपराच्या आदल्या दिवशी मी इंग्रजीची राहिलेली तोंडी परीक्षा देत बसले होते. आई म्हणाली, "नाही होत तर सोड न माय. कोण मागून राहिलं तुले डिग्री?" आठवडाभर विचार केला आणि टीसी परत मिळावी म्हणून अर्ज लिहिला.

तो अर्ज घेऊन कॉलेजकडं निघाले तर बसस्थानकावर सर दिसले. दोन पिशव्या, एक गुंडाळलेली गादी. सत्र संपलं, दुसऱ्या सत्राला त्यांना तास मिळाले नव्हते. खोली सोडून गावी, कोंढ्याला निघाले होते. मला वाईट वाटायला हवं होतं. मला राग आला. मी सरळ जाऊन विचारलं, "तुम्हाले पहिल्याच दिवशी माहीत होतं न मी पडणार म्हणून? मग पेन काहून देला हातात?"

"माहीत होतं," ते म्हणाले. "पण अजून एकदा खोडलं असतं तर तुम्ही फॉर्म तिथंच फेकून घरी गेल्या असत्या. चौदा वर्षांचा गॅप होता ताई. म्हटलं, दोन विषय गेले तर जाऊ द्या, माणूस आत राहिलं पाहिजे. विषय उन्हाळ्यात परत देता येतात."

म्हणजे भाव मी केलाच नव्हता. भाव त्यांनी केला होता, माझ्या देखत, आणि मला पत्ता लागू दिला नव्हता. एवढ्या वर्षांच्या धंद्यात मला असं कोणी फसवलं नाही, आणि याचा राग मला आजही आहे. आज मी तिसऱ्या वर्षाला आहे. राहिलेले दोन्ही पेपर त्या उन्हाळ्यात काढले. अर्ज सरांसमोर फाडला वगैरे नाही, तेवढी नाटकी मी नाही. तो पिशवीत राहिला आणि पुढं कधीतरी त्याच्या कोऱ्या बाजूवर पोत्यांचा भाव लिहिला गेला.

त्या दिवशी, आमचं बोलणं चालू असतानाच भंडाऱ्याची एसटी लागली. लोक दारावर तुटून पडले. सर गादी सांभाळत कसेबसे आत गेले. व्हरांड्यात चाळीस जणांसमोर मी जे बोलले होते, त्याबद्दल बोलायची वेळ हीच होती. मी खिडकीशी गेले. माझ्या तोंडून निघालं, "सीट भेटली का?"

"भेटली, भेटली," ते आतून म्हणाले. गाडी वळली तेव्हा मागच्या काचेतून दिसलं, गादी छातीशी धरून उभेच होते.