वजा एक घाला

"पूस ते. आणि खाली लिही, माझं चुकलं."

भर वर्गात. साठ पोरापोरींसमोर. फळ्यावरचं गणित माझ्या हातचं होतं, आन बरोबर होतं.

त्या कॉलेजात मी तासिकेवर अकरावीला गणित शिकवायचे. बोलणारे सर म्हणजे विभागप्रमुख, आन संस्थाचालकाचे सख्खे मेव्हणे. बाकीच्या बायांना ते 'मॅडम' म्हणायचे. मला 'ए'. कावून? तर माझा बाप तेलगावच्या शिवारात मेंढरं राखतो.

गणित साधंच होतं. एक भागिले एक्स हे एकापेक्षा लहान, तर एक्स कोणकोणता? चाचणीचे पेपर तपासायला सरांनी जे उत्तर काढलं, त्यात छेदातला एक्स सरळ पलीकडं नेऊन गुणला. एक्स एकापेक्षा मोठा. खेळ खलास! आरं बाबा, पण तो एक्स ऋण निघाला तर? ऋण संख्येनं गुणलं की चिन्ह उलटतं. शून्याच्या खालच्या सगळ्या संख्या उत्तरात बसतात. सरांनी त्या एका झटक्यात उडवल्या. इचारलंबी न्हाई, तुमी कोण म्हणून.

हीच चूक करू नका म्हणून आठ दिवस मी घसा कोरडा केलता. नऊ पोरींनी ध्यानात ठेवलं, बरोबर उत्तर लिहिलं. सरांनी नऊच्या नऊ जणींना भोपळा दिला. कॉलेज इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेची फुकट बॅच ह्याच चाचणीवर निवडतं, म्हणून त्या भोपळ्यापायी त्या बॅचमधून बाहेर. बाहेरची शिकवणी लावायची ऐपत त्यांच्यातल्या एकीचीबी न्हाई. म्हणून मी सरांना वर्गात बोलावलं, फळ्यावर गणित मांडलं.

"सर, एक्सच्या जागी वजा एक घालून बघा," मी म्हणाले. "एक भागिले वजा एक, म्हणजे वजा एक. एकापेक्षा लहानच हाय की."

सर पोरांकडं बघून हसले. "मेंढरं मोजणारी मला वजा शिकवणार! घरी वजा किती मेंढरं आहेत गं तुमच्याकडे?"

पुढचे दोन बाक खदाखदा हसले. मग सरांनी ते सांगितलं. पूस, आन चुकलं म्हणून लिही.

खोटं कशाला सांगू? डस्टर त्यांच्या थोबाडावर हाणावं वाटलं. मी उचललंबी. आन मुकाट पुसायला लागले. नोकरी जाईल ह्या भ्यानं, दुसरं काय. दोन ओळी पुसल्या.

मागच्या बाकावरून त्या नऊतली एक उठली. "मॅडम, पुसू नका. तुमीच शिकवलंय, बरोबर हाय ते."

"खाली बस!" सर ओरडले. "नाहीतर तुलाही बाहेर काढीन."

पोरगी बसली न्हाई. फळ्याकडं बोट करून उभीच. आन मी, शिकवणारी, पुसत होते! सरांच्या बोलण्यानं जेवढी आग झाली न्हाई, तेवढी ह्या लाजेनं झाली. डस्टर टेबलावर आपटलं. पुसलेल्या दोन ओळी पुन्हा लिहिल्या. आधीपेक्षा मोठ्या.

"न्हाई पुसणार," मी म्हणाले. "घाला वजा एक."

सरांनी खडूला हात लावला न्हाई. "उद्यापासून येऊ नकोस," एवढंच बोलले आन गेले.

नोकरी गेली. भोपळे तसेच हायत.

सोमवारी पालकसभा हाय. मला बोलावणं न्हाई. मी जाणार. नऊ पेपरांच्या झेरॉक्स पोरींनी आणून दिल्यात. नऊ जणींचे आईबाप पहिल्या रांगेत बसवणार. आन खडू त्याच्या हातात देणार. व्हय, त्याच्या. सर म्हणणं मी सोडलंय.

माफी नको मला. माफी मागून सुटका होते माणसाची, ती मी होऊ देणार न्हाई. त्यानं भर सभेत गणित सोडवायचं, आन उत्तर मोठ्यानं वाचायचं. मग नऊ पोरींची नावं घेऊन, एकेकीचे मार्क आपल्या हातानं दुरुस्त करायचे. नवव्या पोरीचे मार्क दुरुस्त होईपर्यंत मी दारात उभी राहणार. कोण बाहेर जातंय बघतेच.